धूर, वारा आणि नाविक : उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा एक दुर्लक्षित इतिहास

प्रस्तावना

सागरी इतिहासाच्या लेखनात वादळे, खडक, चाचेगिरी आणि व्यापार यांना जे स्थान मिळाले, ते धुराला मिळालेले नाही. धूर ही जमिनीवरची गोष्ट, तिचा समुद्राशी काय संबंध, असा सर्वसाधारण समज त्यामागे असावा. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याने हा समज खोटा ठरवला आहे. कॅलिफोर्नियापासून ऑरेगन आणि वॉशिंग्टनपर्यंतच्या या किनाऱ्यावर इ. स. १५४२ पासून आजपर्यंत नाविकांनी धूर पाहिला, त्याची नोंद केली, त्यात वाट हरवली आणि त्यातून वाटही काढली. या धुराच्या जोडीला जमिनीकडून येणारा एक विलक्षण कोरडा वाराही त्यांच्या वाट्याला आला.

प्रस्तुत लेखात तीन प्रश्नांचा विचार केला आहे. हा धूर व वारा यांचे स्वरूप काय? नाविकांनी त्यांना कसे तोंड दिले? आणि त्यांच्या नोंदींवर इतिहासाच्या अभ्यासकाने कितपत विसंबावे? यांपैकी तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. नाविकाची साक्ष धुराविषयी विश्वसनीय असली, तरी धुराच्या कारणाविषयी ती तितकीच विश्वसनीय असेल असे नाही. हा फरक न ओळखल्यास त्याचे परिणाम केवळ ग्रंथांपुरते मर्यादित राहत नाहीत.

वाऱ्याची उलटापालट

या किनाऱ्यावर वर्षातील बराच काळ वायव्येचा वारा वाहतो. त्यामुळे किनाऱ्यालगत खोल समुद्रातील थंड पाणी वर येते, त्यावर दाट धुके साचते आणि हवा ओलसर राहते. शिडाच्या जहाजांचे सारे वेळापत्रक या वाऱ्यावर बेतलेले असे. शरद ऋतूत आणि हिवाळ्यात मात्र काही दिवस ही व्यवस्था पूर्णपणे उलटते. किनाऱ्याच्या पर्वतरांगांपलीकडील ग्रेट बेसिन या उंच, कोरड्या प्रदेशावर हवेचा दाब वाढतो. तेथील हवा खिंडींमधून समुद्राकडे वेगाने उतरू लागते. खाली येताना ती दाबली जाते आणि दर हजार मीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने तापते. किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत तिच्यात ओलावा जवळजवळ उरलेला नसतो.

दक्षिण कॅलिफोर्नियात या वाऱ्याला सांता आना आणि सान फ्रान्सिस्कोच्या परिसरात डायब्लो म्हणतात. सांता बार्बरा येथे डोंगरउतारावरून बहुधा सायंकाळी उतरणारा असाच उष्ण वारा सनडाउनर या नावाने ओळखला जातो. ऑरेगनमध्ये त्याला केवळ पूर्वेचा वारा म्हणतात. आपल्याकडील मच्छीमारांना परिचित असलेला मतलई वाराही जमिनीकडूनच येतो. पण तो रात्रीचा, सौम्य आणि उपकारक असतो, त्याच्या आधाराने होड्या समुद्रात जातात. सांता आना अनेक दिवस टिकू शकतो आणि वादळी वेग धारण करतो. पश्चिमेच्या लाटांपासून सुरक्षित म्हणून निवडलेली बंदरे अशा वेळी असुरक्षित ठरतात. सांता कॅटालिना बेटावरील अॅव्हलॉन बंदर याचे उत्तम उदाहरण आहे. ते ईशान्येकडे, म्हणजे मुख्य भूमीकडे उघडे असल्याने एरवी शांत असते. पण हा वारा सुटला की नांगरलेल्या होड्या थेट किनाऱ्यावर ढकलल्या जातात.

वणवा आणि नाविक यांना जोडणारा दुवा हाच आहे. जो वारा डोंगरावरील आग भडकवतो, तोच तिचा धूर समुद्रावर नेतो. म्हणजे समुद्र खवळण्याची आणि दृष्टी मंदावण्याची वेळ अनेकदा एकच असते. पुढे वारा पडला की समुद्राकडील नेहमीचा वारा तोच धूर किनाऱ्याकडे परत आणतो आणि तो बंदरांवर साचून राहतो.

धुरांचा उपसागर

या किनाऱ्याच्या लिखित इतिहासाच्या अगदी आरंभी धूर आहे. स्पेनच्या सेवेतील हुआन रॉद्रिगेस काब्रियो जून १५४२ मध्ये मेक्सिकोच्या नाविदाद बंदरातून निघाला आणि २८ सप्टेंबर रोजी आजच्या सान दिएगो बंदरात पोहोचला. ऑक्टोबरच्या ८ तारखेस त्याने एका उपसागराला धुरांचा उपसागर असे नाव दिले. हा उपसागर सान पेद्रोचा की सांता मोनिकाचा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. काब्रियोची मूळ रोजनिशी टिकलेली नाही. उपलब्ध आहे ते तिच्यावरून तयार केलेले संक्षिप्त कथन.

इ. स. १६०२ मध्ये सेबास्तियान व्हिस्काइनोच्या सफरीतही याच प्रकारची नोंद झाली. किनाऱ्यावरील लोकांनी इतक्या ठिकाणी धूर केला होता की दिवसा आकाश झाकोळून जाई, अशा आशयाचे वर्णन तिच्यात आढळते. या दोन्ही नोंदींत धूर हा धोका म्हणून आलेला नाही. तो वस्तीची खूण म्हणून आला आहे. अनोळखी किनाऱ्यावर जेथे धूर तेथे माणसे, आणि जेथे माणसे तेथे गोडे पाणी मिळण्याची शक्यता, असा नाविकाचा सरळ हिशेब होता.

हा धूर कशाचा होता? त्या किनाऱ्यावर चुमाश आणि टोंग्वा या समाजांची दाट वस्ती होती. ते फळ्यांच्या, डांबराने सांधे बुजवलेल्या होड्यांतून बेटांपर्यंत ये-जा करत. गवताचे बी व कंद भरपूर यावेत, नव्या कोंबांवर हरणे यावीत आणि झुडपांची गर्दी कमी व्हावी यासाठी ते ठरावीक काळाने जमीन भाजत. कोकणात पेरणीपूर्वी राब भाजला जातो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हेतूपूर्वक लावलेली आग आणि वणवा यांतील भेद सांगण्याची गरज नाही. परंतु काब्रियोने पाहिलेला धूर चुलींचा असू शकतो, इशाऱ्याचा असू शकतो, भाजणीचा असू शकतो, आणि ऑक्टोबर महिना लक्षात घेता सांता आनाने पेटवलेल्या वणव्याचाही असू शकतो. शिवाय या किनाऱ्यावर थंड सागरी हवेच्या थरावर उष्ण हवेचे झाकण बसते. त्याखाली थोडासा धूरही आडवा पसरून मोठा भासतो. दिलेल्या नावावरून धूर सिद्ध होतो. त्याचे कारण सिद्ध होत नाही.

बंदीहुकूम आणि किनाऱ्यावरचा आश्रय

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पेनने येथे मिशने आणि लष्करी ठाणी वसवली. त्यांची गुरे ज्या गवतावर चरत, तेच गवत स्थानिक लोक भाजत असत. ३१ मे १७९३ रोजी गव्हर्नर होसे होआकिन दे आरियागा याने सांता बार्बरा येथून हुकूम काढून ख्रिस्ती झालेल्या आणि न झालेल्या सर्व इंडियनांना रान भाजण्यास मनाई केली. हुकुमाची भाषा लक्षणीय आहे. तीत ही प्रथा पोरकटपणा ठरवण्यात आली आहे. किनाऱ्यावरून जाणाऱ्याला दिसलेला धूर आणि त्यामागील जमिनीचे ज्ञान यांतील अंतर सत्ताधाऱ्यांना पार करता आले नाही, असेच म्हणावे लागते.

यानंतरची महत्त्वाची साक्ष एका खलाशाची आहे. हार्वर्डचे शिक्षण अर्ध्यावर ठेवून रिचर्ड हेन्री डेना हा तरुण १८३४ मध्ये बोस्टनहून पिलग्रिम या जहाजावर साधा खलाशी म्हणून निघाला आणि जानेवारी १८३५ मध्ये सांता बार्बराला पोहोचला. त्याचा ‘टू इयर्स बिफोर द मास्ट’ हा ग्रंथ १८४० मध्ये प्रसिद्ध झाला. गावामागील डोंगरांवर मोठी झाडे का नाहीत, याचे कारण त्याला एका रहिवाशाने सांगितले. सुमारे बारा वर्षांपूर्वी मोठा वणवा आला होता आणि खोऱ्यातील हवा इतकी तापली की लोकांना गाव सोडून काही दिवस समुद्रकिनाऱ्यावर राहावे लागले.

याच ग्रंथात सांता बार्बराच्या नांगरवाड्याचेही वर्णन आहे. हिवाळ्यात आग्नेयेच्या वादळाचे चिन्ह दिसताच नांगराची साखळी सोडून खुल्या समुद्रात निघून जाता यावे, अशी तयारी जहाजांना सतत ठेवावी लागे. या दोन वर्णनांचा एकत्र विचार केल्यास या किनाऱ्याचे स्वरूप स्पष्ट होते. आगीत जमिनीवरच्या माणसाचा आश्रय किनारा होता, तर वादळात जहाजाला किनाऱ्यापासून दूर जाण्यातच सुरक्षितता होती. दोन्ही संकटांत माणूस पाण्याकडेच सरकत होता.

मार्गदर्शिकांतील वारा

इ. स. १८५० मध्ये कॅलिफोर्निया अमेरिकेच्या संघराज्यात सामील झाले आणि किनाऱ्याचे शास्त्रीय सर्वेक्षण वेगाने सुरू झाले. या सर्वेक्षणातील अग्रगण्य अधिकारी जॉर्ज डेव्हिडसन यांची नाविकांसाठीची मार्गदर्शिका १८६९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत १७ जून १८५९ रोजी सांता बार्बरावर आलेल्या भयंकर उष्ण वाऱ्याची हकीकत आहे. त्या दिवशी तापमान १३३ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे ५६ अंश सेल्सिअसवर गेले आणि समुद्रातून परतलेल्या मच्छीमाराच्या हातांवर फोड आले होते, असे ती सांगते. आजचे हवामान-अभ्यासक हा आकडा विश्वसनीय मानत नाहीत. परंतु डोंगरावरून समुद्रावर उतरणाऱ्या उष्ण वाऱ्याचे अस्तित्व नाकारण्याचे कारण नाही. येथेही घटनेची साक्ष आणि तिच्या मोजमापाची साक्ष वेगवेगळी तपासावी लागते.

मोठ्या वणव्यांचा काळ

उत्तरेकडील ऑरेगन व वॉशिंग्टन येथे लाकूडतोडीने नवे संकट निर्माण केले. तोडलेल्या जंगलात फांद्या आणि सालींचे वाळलेले ढीग पडून राहत. सप्टेंबर १९०२ मध्ये पूर्वेच्या वाऱ्याने याकोल्टचा वणवा भडकला. त्यात ३८ माणसे दगावली आणि सुमारे २,३९,००० एकर जंगल जळाले. कोलंबिया नदीतील जहाजांना दिवसा शोधदिवे लावून होकायंत्राच्या आधारे चालावे लागले, असे तत्कालीन वृत्तांतावरून सांगितले जाते.

ऑगस्ट १९३३ मधील टिलामूकचा वणवा सुरुवातीचे दहा दिवस तुलनेने मर्यादित होता. २४ ऑगस्ट रोजी पूर्वेचा वारा सुटला आणि अवघ्या वीस तासांत दोन लाखांहून अधिक एकर जंगल जळाले. त्याची राख आणि जळके अवशेष किनाऱ्यापासून सुमारे ५०० मैलांवरील जहाजांवर पडले. २६ सप्टेंबर १९३६ रोजी ऑरेगनचे बँडन हे बंदरगाव जवळजवळ संपूर्ण भस्मसात झाले. डेनाने ऐकलेल्या हकीकतीप्रमाणेच येथील लोकांनीही वाळूचा किनारा गाठला. अनेकांना होड्यांतून नदीपार नेण्यात आले.

या काळातील नाविकांचे उपाय साधे होते. वेग कमी करणे, शिट्टी किंवा घंटा वाजवत राहणे, शिसे बांधलेली दोरी सोडून खोली मोजत पुढे सरकणे, आणि नदीमुखावरील वाळूचे दांडे दिसेपर्यंत बाहेर थांबणे. दीपगृहाचा प्रकाश धुक्याप्रमाणेच दाट धुरातही हरवतो, म्हणून कान डोळ्यांपेक्षा उपयोगी ठरत. दुसऱ्या महायुद्धानंतर रडार आले आणि ही अडचण बरीच कमी झाली. तरी लहान मच्छीमारी होड्या आणि खलाशांची फुप्फुसे यांच्यासाठी धूर हा धूरच राहिला. जहाजांची टक्कर टाळण्यासाठीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत मर्यादित दृश्यमानतेची व्याख्या करताना धुके, हिमवर्षाव, मुसळधार पाऊस आणि वाळूची वादळे यांची नावे आहेत. धुराचे नाव मात्र नाही. तो ‘तत्सम कारणांत’ समाविष्ट होतो. सागरी इतिहासाने धुराला दिलेल्या स्थानाचे हे बोलके प्रतिबिंब आहे.

दमनाचे धोरण आणि आजचा धूर

इ. स. १९३५ मध्ये अमेरिकेच्या वनखात्याने प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत आटोक्यात आणण्याचे धोरण स्वीकारले. आरियागाच्या हुकुमापासून सुरू झालेली विचारसरणी येथे पूर्णत्वास गेली : आग म्हणजे केवळ शत्रू. अनेक डोंगराळ जंगलांत याचा परिणाम जळाऊ झाडोरा साचण्यात झाला. ही कारणमीमांसा सर्वत्र सारखी लागू होत नाही, हेही नमूद केले पाहिजे. किनाऱ्यालगतच्या दमट अरण्यांत दीर्घ काळाने मोठे वणवे पूर्वीही येत. दक्षिणेकडील झुडपी रानांत वारा, वाढती वस्ती आणि ठिणगीची जागा यांना अधिक महत्त्व आहे. तापमानवाढीने या सर्वांत भर घातली आहे.

परिणाम समुद्रावर दिसतात. डिसेंबर २०१७ मधील टॉमस वणव्यात २,८१,००० एकरांहून अधिक क्षेत्र जळाले. त्या वेळी सांता बार्बरा खाडीत असलेल्या ‘सॅली राइड’ या संशोधन-नौकेवरील शास्त्रज्ञांना समुद्रात पडणाऱ्या राखेचा अभ्यास करता आला. सप्टेंबर २०२० मध्ये पूर्वेच्या वाऱ्याने ऑरेगनमध्ये दहा लाखांहून अधिक एकर जाळले आणि धुराचा पट्टा पॅसिफिकवर दूरवर पसरला. त्याच महिन्याच्या ९ तारखेस सान फ्रान्सिस्कोचे आकाश दिवसभर नारिंगी राहिले. खाली सागरी धुके आणि वर धूर अशी ती रचना होती. ७ जानेवारी २०२५ रोजी सुरू झालेल्या पॅलिसेड्सच्या वणव्यात २३,००० एकरांहून अधिक क्षेत्र जळाले. त्याचा धूर सांता मोनिकाच्या उपसागरावर पसरला, म्हणजे काब्रियोच्या धुरांच्या उपसागराशी ज्या दोन जागांची ओळख पटवली जाते त्यांपैकी एकीवर. त्या वेळी किनाऱ्यापलीकडे असलेल्या ‘रुबेन लास्कर’ या संशोधन-नौकेवरून समुद्रावर तरंगणाऱ्या राखेची नोंद झाली.

समारोप

१५४२ चा धूर आणि २०२५ चा धूर एकाच वाऱ्याच्या प्रदेशातला असला, तरी एकाच प्रकारचा नाही. पहिल्यात बहुधा माणसांच्या नित्य व्यवहाराचा वाटा होता. दुसऱ्यात घरे, वाहने आणि विद्युत्-साहित्य जळाले होते. नाविकांच्या नोंदींचे मोल असे की जमिनीवरील लेखन सुरू होण्यापूर्वीच्या धुराची तारीख आणि जागा त्यांच्याखेरीज फारसे कोणी देत नाही. परंतु जहाजावरून धूर दिसतो, तो करणारा हात दिसत नाही. ती उणीव चुमाश, टोंग्वा आणि इतर समाजांच्या स्मृतीनेच भरून निघू शकते, आणि जवळजवळ दोन शतके तिलाच गुन्हा ठरवण्यात आले होते.

कॅलिफोर्नियाने २०२१ आणि २०२४ मधील कायद्यांनी पारंपरिक भाजणीला पुन्हा वाट मोकळी करून देण्यास प्रारंभ केला आहे. म्हणजे त्या किनाऱ्यावर पुढेही धूर दिसणारच. तो भाजणीचा आहे की वणव्याचा, हे समुद्रावरूनही ओळखता यावे एवढी माहिती जमिनीवरच्या लोकांनी नाविकांना देणे आणि नाविकांच्या नोंदी तेवढ्याच काळजीने वाचणे, ही या इतिहासातून निघणारी व्यावहारिक गरज आहे.