दोन चाकांमधला दांडा

मोटारगाडीच्या इतिहासाविषयीं बोलूं लागलें कीं वक्ता बहुधा इंजिनापाशींच रमतो. इंजिन गर्जतें, धूर सोडतें, त्याच्या शक्तीचे आंकडे सांगतां येतात. तेव्हां त्याचा इतिहास रंजक वाटावा यांत नवल नाहीं. आजच्या भाषणाचा विषय त्या मानानें फारच मुका आहे. गाडीच्या पुढच्या दोन चाकांना एकमेकांशीं जोडणारा एक पोलादी दांडा आणि त्याच्या टोकांना असलेले, आंत बोराएवढी गोळी दडवलेले सांधे, एवढाच तो विषय. कारखान्यांतून त्या दांड्यास टाय रॉड म्हणतात आणि सांध्यांस टाय रॉड एंड. सुकाणूचें चाक आपल्या हातांत असतें खरें, परंतु हाताचा हुकूम रस्त्यापर्यंत पोंचतो तो याच दांड्याच्या वाटेनें. तो निखळला तर दोन चाकें दोन दिशांना तोंडें वळवतात, आणि गाडी हांकणारा माणूस त्या क्षणापासून नुसता उतारू होऊन बसतो.

हा दांडा मोटारीबरोबर जन्मास आला नाहीं. तो तिच्याहून जुना आहे. त्याचें मूळ घोड्याच्या गाडींत सांपडतें. चार चाकांच्या जुन्या घोडागाडीची पुढची सबंध आस मध्यभागीं एका जाड उभ्या खिळ्याभोंवतीं फिरत असे. या खिळ्याला इंग्रज कारागीर किंगपिन म्हणत, आणि आस जिच्यावर घसरत फिरे त्या आडव्या लोखंडी कड्याला पांचवें चाक. मुंबईकरांनीं हा प्रकार आपल्या व्हिक्टोरिया गाडींत पाहिलेला आहे. मुंबई उच्च न्यायालयानें २०१५ सालीं या गाड्या बेकायदा ठरविल्या. तोंपर्यंत त्या रस्त्यावर होत्या, आणि वळतांना त्यांची पुढली दोन्ही चाकें आसेसकट तिरपीं होतांना सहज दिसत.

ही रचना भक्कम खरी, पण तिच्यांत एक मोठा दोष होता. आस वळली म्हणजे एका बाजूचें चाक गाडीच्या पोटाखालीं शिरे. म्हणून पुढचीं चाकें लहान ठेवावीं लागत, आणि लहान चाक खड्ड्यांत अधिक आपटतें. त्याहून वाईट गोष्ट अशी कीं, आस जसजशी आडवी फिरे तसतसा गाडीचा पुढचा आधार अरुंद होत जाई. चौरंग चार पायांवर उभा असतो तोंवर निश्चिंत असतो. त्याचे पुढचे दोन पाय जवळ आणले कीं तो तिवईसारखा डळमळूं लागतो. भरधाव गाडी वळणावर उलटे ती बहुशः या कारणानें.

हा दोष ज्यांना अंगावर घ्यावा लागे अशांपैकीं एक गृहस्थ म्हणजे इरॅस्मस डार्विन, उत्क्रांतिवादाच्या चार्ल्स डार्विनचे आजोबा. ते इंग्लंडांतील लिचफील्ड गांवीं वैद्यकी करीत, आणि रोगी पाहण्यासाठीं खेड्यापाड्यांतील खराब रस्त्यांनीं त्यांचा प्रवास अखंड चाले. १७५८-५९ च्या सुमारास त्यांनीं असा विचार केला कीं, आस फिरवावीच कशाला? आस जागच्या जागीं ठेवावी आणि तिच्या दोन टोकांशीं प्रत्येक चाक आपापल्या खिळ्याभोंवतीं, दाराच्या बिजागरीसारखें, फिरूं द्यावें. त्यांनीं या कल्पनेची गाडी वापरली, परंतु तिचा परवाना घेतला नाहीं. त्यामुळें हें श्रेय त्यांच्या नांवावर लागण्यास फार काळ जावा लागला. डेस्मंड किंग-हील या अभ्यासकानें २००२ सालीं त्यावर सविस्तर लेख लिहिला. दैवाची थट्टा अशी कीं, १७६८ मध्यें स्वतःच्याच दुसऱ्या एका नमुन्याच्या गाडींतून हे डॉक्टर पडले, गुडघ्याची वाटी फुटली, आणि पुढें ते जन्मभर लंगडत चालले.

साठएक वर्षांनीं तीच कल्पना जर्मनींत स्वतंत्रपणें पुन्हा जन्मली. म्यूनिकचा गाडी-कारागीर गेऑर्ग लांकेनश्पेर्गर यानें १८१६ च्या सुमारास ती सिद्ध केली, आणि लंडनमध्यें तिचा परवाना त्याचा प्रतिनिधि रूडॉल्फ आकरमान यानें १८१८ सालीं आपल्या नांवें घेतला. हा आकरमान मूळचा सॅक्सनीचा. तरुणपणीं त्यानें गाड्यांचे आराखडे काढले. ॲडमिरल नेल्सनच्या अंत्ययात्रेचा रथ त्यानेंच रचला. पुढें तो स्ट्रँड रस्त्यावरचा नामांकित चित्रप्रकाशक झाला. जगभरचे अभियंते आज या रचनेला आकरमानची रचना म्हणतात. मूळ कारागिराचें नांव पुस्तकांच्या तळटीपेंत आणि दलालाचें नांव मथळ्यावर, हा प्रकार इतिहासांत कांहीं नवा नाहीं.

आतां चाकें स्वतंत्रपणें फिरूं लागलीं, तर त्यांना एकमतानें वळविणार कोण? येथें आपला दांडा रंगभूमीवर येतो. प्रत्येक चाकाच्या फिरत्या खिळ्याला एक आखूड हात बसवावयाचा आणि ते दोन हात एका दांड्यानें जोडावयाचे, म्हणजे एक चाक वळलें कीं दुसऱ्यास वळावेंच लागतें. मात्र दोघांनीं सारखेंच वळून भागत नाहीं. वळणावर आंतलें चाक लहान वर्तुळांतून जातें व बाहेरचें मोठ्या वर्तुळांतून. समजा, पुढच्या व मागच्या आसेंत अडीच मीटर अंतर आहे, पुढच्या दोन खिळ्यांत सव्वा मीटर आहे, आणि गाडी अशी वळत आहे कीं वर्तुळाचा मध्य मागच्या आसेच्या मध्यापासून पांच मीटरांवर येतो. अशा वेळीं आंतलें चाक सुमारें ३० अंश वळलें पाहिजे आणि बाहेरचें सुमारें २४. दोन्ही सारखीं वळलीं तर एक तरी चाक रस्त्यावर घासत, फरफटत जाणार. ही तफावत साधण्याची युक्ति सोपी आहे: ते दोन आखूड हात समांतर न ठेवतां किंचित् आंत झुकवावे आणि दांडा त्या मानानें थोडा तोकडा करावा. पॅरिसचा गाडी-कारागीर शार्ल झांतो यानें १८७८ सालीं त्याचा आराखडा असा मांडला कीं, ते हात मागें वाढविले तर त्यांच्या रेषा मागच्या आसेच्या मध्यावर मिळाव्या. हें उत्तर सर्व कोनांत तंतोतंत जुळत नाहीं. परंतु व्यवहारापुरतें चांगलें जुळतें.

एवढी चांगली कल्पना लंडनच्या गाडीवाल्यांनीं १८१८ मध्यें उचलली कां नाहीं, असें कोणीही विचारील. त्यांच्या हट्टी स्वभावावर खापर फोडण्याची चाल आहे. मला ती अर्धवट वाटते. जुन्या गाडींत फिरणारा सांधा एकच, आणि तो मनगटाएवढा जाड. नव्या गाडींत लहान लहान चार, आणि प्रत्येकाची झीज निराळी. घोडा गाडीला स्वतःच ओढून वळवतो. त्याला सुकाणूच्या बारकाईची गरजही कमी. ज्या काळीं सांधे अचूक घडविण्याचीं यंत्रें व चांगलें पोलाद दुर्मिळ होतें, त्या काळीं गांवोगांवच्या लोहाराच्या हातीं हें प्रकरण देण्यास कारागीर कचरला असेल, तर त्याला मूर्ख म्हणवत नाहीं.

घोडा गेला आणि परिस्थिति पालटली. ल मान गांवचा घंटा ओतणारा कारागीर आमेदे बोले यानें १८७३ सालीं बारा उतारूंची एक वाफेची गाडी बांधली व तिला ‘आज्ञाधारक’ अशा अर्थाचें फ्रेंच नांव दिलें. तिचें प्रत्येक पुढचें चाक आपल्या स्वतंत्र खिळ्यावर वळत असे. उलट कार्ल बेन्झ यानें १८८६ च्या आपल्या पहिल्या मोटारीला तीनच चाकें दिलीं, कारण चार चाकांच्या गाडीला वळविण्याचा प्रश्न त्याच्या मनासारखा सुटला नव्हता. तो त्यानें सोडवला १८९३ सालीं. त्या वर्षीं त्यानें या सुकाणूचा जर्मन परवाना घेतला व चारचाकी गाडी बाजारांत आणली. तिचें नांव व्हिक्टोरिया. मुंबईच्या घोडागाडीचें आणि तिचें नांव एकच. वळण्याची रीत मात्र अगदीं निराळी.

यापुढची कथा दांड्याहून त्याच्या टोकांची अधिक आहे. फोर्डच्या टी नमुन्याच्या गाडींत, म्हणजे १९०८ पासून १९२७ पर्यंत, चाकें जोडणाऱ्या दांड्याच्या टोकांना दुबेळकें असे आणि त्यांतून उभा बोल्ट जाई. असा सांधा एकाच पातळींत फिरतो. पण चाकें खड्ड्यांतून वरखालीं होऊं लागलीं, विशेषतः १९३० नंतरच्या दशकांत प्रत्येक चाकाला स्वतंत्र स्प्रिंग देण्याची रीत पसरली, तेव्हां सर्व दिशांना झुकणारा सांधा अपरिहार्य झाला. तोच गोळी आणि उखळीचा सांधा. निसर्गानें आपल्या खांद्यांत व मांडींत तो पूर्वींच बसविला आहे. गोळीला खालीं निमुळता दांडोरा असतो, तो चाकाच्या हातांतील तशाच निमुळत्या भोकांत घट्ट बसतो, खालून खांचांचा नट, आणि नट सैल होऊं नये म्हणून आरपार स्प्लिट पिन. तोंडावर रबरी टोपी, आंत वंगण.

हा सांधा हलण्यासाठींच घडविला आहे, अर्थात् झिजण्यासाठींही. जुन्या गाड्यांत त्याला ग्रीस निपल असे, आणि ठराविक मैलांनंतर ग्रीस गननें नवें वंगण भरावें लागे. पुष्कळशा आधुनिक गाड्यांत तो कायमचा बंद करून देतात. त्यामुळें मालकाचें काम कमी झालें, आणि दुर्लक्ष वाढलें. रबरी टोपी फाटली कीं आंत पाणी व माती शिरते, आणि पावसाळ्यांतला चिखल त्या चकचकीत गोळीला कानसीसारखा खातो. लक्षणें हळूहळू दिसतात: सुकाणूंत मोकळी चाल वाढते, खराब रस्त्यावर पुढून खटखट ऐकूं येते, टायरची एकच कड पिसासारखी झिजते. परीक्षा घरींही करतां येते. एकानें सुकाणूचें चाक दोन्ही बाजूंस थोडें थोडें हालवावें व दुसऱ्यानें सांध्यावर बोट ठेवावें. हात हालला पण दांडा क्षणभर मागें राहिला, तर सांधा बदलण्याची वेळ आली.

तो बदलण्याची रीत चांगल्या मिस्त्रीकडून पाहण्यासारखी असते. निमुळता दांडोरा भोकांत इतका आवळलेला असतो कीं नट काढला तरी तो जागचा हालत नाहीं. अडाणी माणूस खालून त्याच्या आट्यांवरच घाव घालतो व तोंड ठेचून बसतो. जाणता मिस्त्री एक जड हातोडा भोकाच्या एका बाजूस टेकवतो आणि दुसऱ्या बाजूनें दुसऱ्या हातोड्याचा एक खणखणीत ठोका देतो. भोक क्षणभर लंबवर्तुळ होतें आणि सांधा आपण होऊन सुटतो. जुना सांधा दांड्यावरून उलगडतांना तो किती फेरे मोजतो, कारण नवा तितकेच फेरे चढवावयाचा असतो. पुष्कळ जुन्या दांड्यांना एका टोकास उजवे व दुसऱ्यास डावे आटे असतात, म्हणजे सांधे न काढतां नुसता दांडा फिरवून त्याची लांबी कमीजास्त करतां येते. नट आवळल्यावर खांच भोकासमोर आली नाहीं, तर तो पुढें आवळावा, मागें सैल करूं नये. आणि जुनी स्प्लिट पिन पुन्हा वापरूं नये.

लांबीचा हा आग्रह उगीच नव्हे. झांतोनें कागदावर आंखलेला चौकोन या लांबीवरच उभा आहे. जुन्या मागून ओढणाऱ्या गाड्यांत पुढचीं चाकें समोरच्या कडेला दोनतीन मिलिमीटर एकमेकांकडे झुकवून ठेवीत, कारण चालत्या गाडींत तीं थोडीं फांकतात. यंत्रें नव्हतीं तेव्हां मिस्त्री चाक उचलून टायरवर खडू फासत, तें फिरवून खिळ्यानें एक रेघ काढीत, आणि समोरच्या व मागच्या रेघांमधील अंतरें काठीनें मापीत. आज तेंच काम प्रकाशाच्या किरणांनीं होतें. नवा सांधा बसवून हें माप न घेतां गाडी नेली, तर कांहीं हजार किलोमीटरांत नवे टायर खराब होतात.

गाडीगणिक या दांड्यांचें रूप पालटलें. १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनी मुंबईंत ज्या विलिस जीप जोडूं लागली, त्यांत आसेच्या मध्यावर एक काटकोनी फिरता हात असून त्याच्यापासून दोन्ही चाकांकडे दोन दांडे जात. तो मधला हात झिजला कीं जीप विशिष्ट वेगाला थरथरूं लागे. अँबॅसेडर गाडींत दांतेरी पट्टीचें सुकाणू होतें, आणि पट्टीच्या दोन टोकांनाच दांडे जोडलेले. अलीकडच्या बहुतेक मोटारींची रचना तीच आहे. अमेरिकेंत २०२३ सालीं बाजारांत आलेल्या टेस्लाच्या सायबरट्रक गाडींत तर सुकाणूचें चाक व रस्त्यावरचीं चाकें यांमध्यें कोणताच लोखंडी दुवा उरलेला नाहीं. हुकूम विजेच्या तारेंतून जातो. परंतु ती तार चाकापर्यंत पोंचत नाहीं. ती एका मोटरला फिरवते, मोटर दांतेरी पट्टीला सरकवते, आणि पट्टीच्या टोकाला दांडा व गोळीचा सांधा तेथेंही आहेच.