सोलर कंपनीत सेल्स मॅनेजर नेमकं काय काम करतो?

सोलर सेल्स मॅनेजर म्हणजे पॅनेल विकणारा माणूस, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर पॅनेल हा या कामातला सोपा भाग. ग्राहकाचं वीजबिल वाचणं, गच्ची बघणं, बँकेचं कर्ज, महावितरणची मंजुरी आणि शेवटी नेट मीटर, हे सगळं त्याला जुळवून आणावं लागतं. विकलेली सिस्टीम पुढची पंचवीस वर्षं त्या गच्चीवर राहणार असते, टार्गेट मात्र महिन्याचं असतं. या नोकरीतली ओढाताण इथेच आहे.

घरगुती ग्राहकाचं उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात १ किलोवॅटची सिस्टीम दिवसाला सरासरी ४ युनिट, म्हणजे महिन्याला साधारण १२० युनिट वीज देते. त्यासाठी सुमारे १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. घराचा वापर महिन्याला ३०० युनिट असेल तर ३ किलोवॅट पुरतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, असं एकूण ७८,००० रुपये अनुदान मिळतं. त्यापुढे सिस्टीम कितीही मोठी घेतली तरी अनुदान तेवढंच. शिवाय पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात.

आता याच ग्राहकाला ५ किलोवॅट विकता येतात का? येतात. टार्गेट पटकन भरतं. पण वापरापेक्षा जास्त झालेले युनिट आर्थिक वर्षाअखेरपर्यंतच पुढे जमा होत राहतात. मार्चनंतर उरलेल्या युनिटचा जो दर मिळतो, तो आपण वीज विकत घेतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. म्हणजे जादा पॅनेलचे पैसे ग्राहकाच्या गळ्यात. चांगला मॅनेजर आपल्या टीमला आधी वर्षभराची बिलं मागायला लावतो, कोटेशन नंतर.

वीज गेल्यावर काय?

सगळ्यात जास्त भांडणं या एका प्रश्नावरून होतात. साधी ऑन-ग्रिड सिस्टीम लाईट गेली की भर उन्हातही बंद पडते. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या दिशेने आलेल्या विजेचा झटका बसू नये, म्हणून इन्व्हर्टर मुद्दाम तसाच बनवलेला असतो. बॅकअप हवा असेल तर बॅटरीसह हायब्रिड सिस्टीम लागते आणि खर्च चांगलाच वाढतो. हे ऑर्डरआधी सांगितलं नाही, तर पहिल्याच लोडशेडिंगला फोन येतो. ‘बिल शून्य’ या जाहिरातीचंही तसंच. युनिट शून्यावर आले तरी बिलातला स्थिर आकार राहतोच. आणि जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन घटतं, तेव्हा ‘पॅनेल खराब निघाले’ अशी तक्रार येते ती वेगळीच.

सावलीचंही आधी बघावं लागतं. पाण्याची टाकी, शेजारचा नारळ, बाजूच्या प्लॉटवर उद्या उभी राहणारी इमारत. एका पॅनेलवरची सावली अख्ख्या रांगेचं उत्पादन खाली ओढू शकते.

एमआयडीसीतल्या कारखान्यांना सोलर विकणं हा वेगळा खेळ आहे. तिथे मालकापेक्षा अकाउंट्सचा प्रमुख जास्त प्रश्न विचारतो आणि सौदा पक्का व्हायला महिने जातात. सोलर कंपनीच स्वतःचा पैसा घालून प्रकल्प उभारते आणि कारखाना फक्त युनिटप्रमाणे पैसे देतो, असेही करार होतात. २०२२ च्या हरित ऊर्जा खुला प्रवेश नियमांनी लागणारी मर्यादा १ मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणल्यामुळे मध्यम उद्योगही बाहेरून सौरवीज घेण्याचा विचार करू लागले.

शिक्षण म्हणाल तर इलेक्ट्रिकल डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग असलेल्यांना सोपं जातं, पण बीकॉम होऊन या कामात आलेल्यांनाही जमतं. एक्सेलमध्ये परतफेडीचा हिशोब आणि पीव्हीसिस्ट सॉफ्टवेअरचा रिपोर्ट वाचता यायला हवा. डीलर सांभाळणं आणि वसुली हे मात्र फील्डवरच शिकावं लागतं.

मुलाखतीला गेलात तर एक प्रश्न तुम्हीच विचारा: इन्सेंटिव्ह ऑर्डर आल्यावर मिळतो, की नेट मीटर बसल्यावर? त्या उत्तरावरून कंपनी कशी आहे, याचा बराच अंदाज येतो.