नजीकचा विमानतळ : गोवा

लिहायचंय ते गोव्याच्या विमानतळांविषयी, पण सुरुवात एका लग्नपत्रिकेपासून करावी लागेल. फेब्रुवारी 2023 मध्ये आमच्या धाकटीचं लग्न वास्कोत झालं. पत्रिकेच्या मागच्या बाजूला पाहुण्यांच्या सोयीसाठी तीन ओळी छापल्या होत्या. कार्यालयाचा पत्ता, नजीकचं रेल्वे स्थानक, आणि शेवटची ओळ, ‘नजीकचा विमानतळ : गोवा’. या तीन शब्दांपायी मुलीचा सख्खा मामा मंगलाष्टकांना उभा राहू शकला नाही. आणि ते शब्द लिहिणारा मी 31 वर्षं वास्कोत बसून विमानाची तिकिटं विकली आहेत!

तिकिटांचं दुकान मूळ बाबांचं. स्टेशनाजवळच्या गल्लीत, एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर एक काळी फळी. फळीच्या डाव्या बाजूला रेल्वेच्या वेळा, उजव्या बाजूला विमानांच्या. रेल्वेच्या वेळा बाबांनी पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवून घेतल्या होत्या, कारण मीटरगेजच्या त्या गाड्या वर्षानुवर्षं बदलत नसत. विमानाच्या मात्र खडूने. आणि खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात, ‘ता. अमुक रोजी विचारले’. रोज सकाळी दुकान उघडलं की पहिला फोन विमान कंपनीच्या कचेरीत, मग कोपऱ्यातली तारीख पुसून नवी. वेळेत काही बदल नसला तरी तारीख बदलायचीच. मला लहानपणी हा नुसता चाळा वाटायचा. एकदा मी विचारलंही, वेळ तीच आहे तर तारीख कशाला खोडता? बाबा म्हणाले, “अरे, वेळ तीच आहे हे आज कळलंय ना. काल कळलेलं काल.”

बाबांच्या या सवयीमागे दाबोळीचा इतिहासच होता असं मला आता वाटतं. दाबोळीचा विमानतळ पोर्तुगिजांनी बांधला आणि 1955 मध्ये तो वापरात आला. भारताने गोव्याची नाकेबंदी केली होती. रेल्वे बंद, सीमा बंद, त्यामुळे बाहेर पडायला हवेतला रस्ता पाहिजे होता. गव्हर्नर जनरल बेनार्द गेदिश यांचं नाव त्याला दिलं होतं. पोर्तुगीज इंडियाची स्वतःची छोटी विमान कंपनीही निघाली. दीव, दमण, कराचीकडे तिची विमानं जात आणि पुढे पुढे थेट लिस्बनपर्यंत. म्हणजे आमच्या घरून बेळगावला नातेवाईकांकडे जाणं अवघड आणि कराची सोपी, अशी उलटी दुनिया काही वर्षं होती.

18 डिसेंबर 1961 च्या सकाळी भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. बाबा तेव्हा अठरा वर्षांचे. घराची कौलं कशी थरथरली हे ते शेवटपर्यंत सांगत. पण त्यांना खरी मौज वाटायची ती पुढच्या गोष्टीची. धावपट्टीवर खड्डे पडले, विमानतळ निकामी झाला असं सगळे धरून चालले, आणि रात्रीत डागडुजी करून तिथून दोन पोर्तुगीज प्रवासी विमानं अंधारातच उडाली आणि कराचीला पोचली. “सकाळची बातमी रात्री शिळी झाली, बघ,” असं म्हणून बाबा हसत. दुसऱ्या दिवशी, 19 तारखेला, गोवा मुक्त झाला. विमानतळाचं नाव गेलं, मालक बदलला, नकाशातला देशसुद्धा बदलला.

पुढे दाबोळी नौदलाकडे आली. 1964 पासून तिथे आयएनएस हंसा हा नौदलाचा तळ आहे आणि आपली प्रवासी विमानं त्याच धावपट्टीवर पाहुण्यासारखी उतरतात. याचा अर्थ बाहेरच्या माणसाला कळत नसे. आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या सरावाचे, तेव्हा प्रवासी विमानांना जागा नाही. मुंबईची गिऱ्हाइकं फोनवर हुज्जत घालायची, सकाळी दहाचं विमान का नाही म्हणून. बाबा शांतपणे सांगायचे, “घर त्यांचं आहे हो, आपण ओसरीवर.”

आमच्या धंद्यात आणखी एक घोळ नेहमीचा. आखातात जाणाऱ्यांची विमानं बहुधा रात्री उशिरा. तिकिटावर असायचं, 15 तारीख, 00.40. म्हणजे 14 ला रात्री जेवून निघायचं. पण आपल्याकडे दिवस सूर्योदयाला सुरू होतो हे हाडीमासी भिनलेलं. मध्यरात्रीनंतरची वेळ आपल्या मनात आदल्याच दिवसाची. त्यामुळे माणसं 15 ला रात्री, नवी बॅग, नारळ, आंबोशीचा डबा घेऊन विमानतळावर हजर, आणि विमान जाऊन चोवीस तास झालेले. तिकीट अचूक, वाचणारा साक्षर, तरी चूक. म्हणून मी तिकिटाच्या पाकिटावर लाल पेनने लिहायचो, ‘14 ची रात्र’. या दोन शब्दांनी किती नोकऱ्या वाचल्या असतील कोण जाणे.

दुकानात विमानतळावरच्या कार्यालयातले एक गृहस्थ चहाला यायचे. त्यांच्याकडून मला वैमानिकांसाठी ही माहिती कशी ठेवतात ते कळलं. प्रत्येक देशाचं आपल्या विमानतळांचं एक जाडजूड पुस्तक असतं. आपल्याकडे ते भारतीय विमानतळ प्राधिकरण काढतं. धावपट्टीची लांबी, दिवे, आसपासची टेकडी किंवा मनोरा, कामाचे तास, शहरापासूनचं अंतर, सगळं त्यात. आणि त्यातले मोठे बदल वाटेल त्या दिवशी लागू होत नाहीत. सगळ्या जगासाठी तारखा ठरलेल्या आहेत, दर 28 दिवसांनी येणारा एक गुरुवार. बदलाचे कागद 42 दिवस आधी निघावे लागतात, म्हणजे लांबच्या देशातल्या वैमानिकाच्या हातीही ते निदान 28 दिवस आधी पडतात. अधेमधे काही उपटलं, धावपट्टीवर काम निघालं, दिवे बंद पडले, तर वेगळी सूचना काढतात. तिला नोटॅम म्हणतात. नोटॅमवर ती कधी लागू होते ते असतं, आणि कधी संपते तेही. मला तेव्हा बाबांची फळी आठवली. फरक इतकाच, की वैमानिकासाठी एवढी यंत्रणा राबते आणि विमानात मागे बसलेल्या माणसाला घ्यायला कोण कुठे येणार हे कुणाच्या तरी चुलत्याला माहीत असतं.

आता मोपाकडे येतो. पेडणे तालुक्यातल्या पठारावर नवा विमानतळ करायचा ही गोष्ट माझ्या तरुणपणापासून ऐकतोय. 2000 साली केंद्राने मान्यता दिली ती मोपा सुरू झाल्यावर दाबोळीची प्रवासी वाहतूक बंद करण्याच्या अटीवर. दक्षिण गोव्यात त्यावरून रान उठलं. पुढे ती अट गेली, दोन्ही चालतील असं ठरलं. पण पहिली बातमी लोकांच्या डोक्यातून गेली नाही. आजही मडगावच्या बाजारात “दाबोळी बंद होतेय ना?” असं विचारणारा माणूस भेटतो. नोव्हेंबर 2016 मध्ये मोपाची पायाभरणी झाली. मार्च 2019 मध्ये पर्यावरण परवान्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने काम थांबवलं, जानेवारी 2020 मध्ये मोकळीक दिली. पठारावरच्या धनगर कुटुंबांना घरं सोडावी लागली, हेही याच हिशेबात धरायला हवं. 11 डिसेंबर 2022 ला उद्घाटन झालं आणि मनोहर पर्रीकरांच्या स्मरणार्थ ‘मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ’ असं नाव दिलं. आडनाव का नाही, म्हणून त्यावरही वाद झालाच. पहिलं प्रवासी विमान उतरलं 5 जानेवारी 2023 ला, हैदराबादहून आलेलं.

तर त्या दिवसापासून ‘गोवा’ या एका शब्दाचे दोन विमानतळ झाले. तिकिटावर दाबोळी म्हणजे जी-ओ-आय आणि मोपा म्हणजे जी-ओ-एक्स. वैमानिकांच्या चार अक्षरी खुणांतही शेवटच्या एका अक्षराचाच फरक, एक व्ही-ओ-जी-ओ, दुसरा व्ही-ओ-जी-ए. आणि प्रत्यक्षात मधलं अंतर? तीन नद्या आणि साठाहून अधिक किलोमीटर.

हे सगळं मला ठाऊक होतं. उद्घाटनाची बातमी मी चहाबरोबर वाचली होती. पण पत्रिका छापायला दिली तेव्हा मागची बाजू थोरलीच्या 2016 च्या पत्रिकेवरून जशीच्या तशी उतरवली. तेव्हा ती बरोबर होती, म्हणून कुणी पुन्हा वाचलीच नाही. मीही नाही.

आमच्या सौ.चे भाऊ हैदराबादचे, काचीगुड्यात उभा जन्म गेलेला. वय 74. तिकीट नातवाने काढलं. फोनवर मला म्हणाले, “गोव्याचं तिकीट आहे, लग्नाच्या दिवशीच सकाळी नऊला उतरतो.” मी म्हटलं, गाडी पाठवतो. विमानाचा क्रमांक विचारला नाही. अनोळखी गिऱ्हाइकाला मी तो विचारल्याशिवाय कधी सोडलं नसेल.

मुहूर्त 11 वाजून 42 मिनिटांचा. सव्वानऊला आमच्या ड्रायव्हरचा फोन, “हांव पावलां सायबा, भायर रावतां.” मामांचा फोन, “मी बाहेर उभा आहे.” दोघंही बाहेर! मी मांडवात, हातात अक्षता वाटायचं तबक, दोघांना सांगतोय, दाराजवळ थांबा, निळा शर्ट बघा. मामांना कमी ऐकू येतं, त्यात लाउडस्पीकरवर सनई. पावणेदहाला मी त्यांना म्हटलं, समोर पाटीवर काय लिहिलंय ते वाचून दाखवा. त्यांनी सावकाश वाचलं, “मनोहर... आंतरराष्ट्रीय...”

तबक मी तिथेच खुर्चीवर ठेवलं.

दाबोळी आमच्या कार्यालयापासून दहा मिनिटांवर. मामा होते पेडण्याला. टॅक्सीच्या खिडकीवर रांग, मग म्हापसा, पणजी, जुवारीच्या पुलाजवळची गर्दी. मुलगी गौरीहराशी बसली ती मामाची पिवळी साडी न नेसता, कारण साडी मामांच्या बॅगेत. मंडपात तिला आणलं ते माझ्या मावसमेहुण्याने. सौ. काही बोलली नाही, फक्त दर मंगलाष्टकाला दाराकडे बघत होती. मामा पोचले सव्वाबाराला. जेवणाची पहिली पंगत बसत होती. त्यांनी साडी मुलीच्या हातात ठेवली आणि मला म्हणाले, “अरे, तू तर तिकिटवाला!” एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी सगळं उरकल्यावर ओट्यावर बसून त्यांनी त्यांच्या हैदराबादची गोष्ट सांगितली. तिथे 2008 च्या मार्चमध्ये 22 तारखेच्या रात्री बेगमपेटची प्रवासी वाहतूक थांबली आणि 23 पासून सगळं शमशाबादला. एच-वाय-डी ही अक्षरंसुद्धा गाठोडं बांधून नव्या घरी गेली, बेगमपेटला बी-पी-एम अशी दुसरी मिळाली. चार दिवस लोकांची धांदल झाली, शहराबाहेर इतकं लांब जायचं म्हणून कुरकुर झाली, पण चुकीच्या ठिकाणी गेलं तर तिथे कुलूपच दिसायचं. “तुमच्याकडे पंचाईत ही आहे,” मामा म्हणाले, “की चुकीचा विमानतळही चालूच असतो.” हे अगदी खरं. ड्रायव्हरला दाबोळीवर काहीच वावगं दिसलं नाही. विमानं उतरत होती, माणसं बाहेर येत होती, हैदराबादचंही एखादं असेलच.

त्यानंतर मी घरातले जुने कागद काढून बसलो. वाडीच्या देवस्थानाच्या माहितीपत्रकात ‘विमानतळ : गोवा’. ज्ञातिसंस्थेच्या डायरीत तेच. थोरलीच्या सासरच्यांनी, ते सावंतवाडीचे, पाहुण्यांसाठी केलेल्या कागदावर दाबोळीच, जेव्हा त्यांना मोपा कितीतरी जवळ आणि सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ ऑक्टोबर 2021 पासूनच उघडलेला. एकेकाला फोन करून सांगितलं. देवस्थानाचे चिटणीस म्हणाले, पुढच्या छपाईत बघू, हजार प्रती शिल्लक आहेत. मी रबरी शिक्का करून नेऊन दिला आणि दोन दुपारी बसून हजार प्रतींवर मारला. पण ही कामं एकदा करून सुटत नाहीत. जुलै 2023 मध्ये एअर इंडियाचं लंडन गॅटविकचं विमान मोपाहून उडू लागलं, जून 2024 मध्ये कतार एअरवेज दाबोळी सोडून तिकडे गेली. परदेशातून येणाऱ्यांसाठी माझं आधीचं उत्तर पुन्हा शिळं झालं.

बाबांची फळी माळ्यावर होती, ती खाली काढली. रेल्वेचा ऑइलपेंट अजून दिसतो, त्यातली एकही गाडी आता त्या वेळेला सुटत नाही. विमानाची बाजू कोरी.

गेल्या वर्षी धाकटीच्या मुलाचं बारसं झालं. यावेळी निमंत्रणाखाली मी सविस्तर लिहिलं. विमानतळ दोन आहेत, दाबोळी कार्यालयापासून दहा मिनिटं, मोपाहून दीड-दोन तास, तिकिटावरची तीन अक्षरं आणि विमानाचा क्रमांक मला कळवा. आणि खाली, कोपऱ्यात, ‘ता. 2 रोजी विचारले’.

9 तारखेला हैदराबादहून फोन.

“2 ला विचारलंस म्हणतोस. आज 9 आहे. परत विचार.”

मी परत विचारलं. त्यांचं विमान चाळीस मिनिटं अलीकडे आलं होतं.