सवडीची शाळा

इसवी सनापूर्वी ३३०. अथेन्समध्ये झुंजूमुंजू झालंय आणि तुम्ही एका अरुंद गल्लीत अंग चोरून उभे आहात. समोरून सात-आठ वर्षांचा मुलगा येतो. त्याच्या मागे काठी टेकत, काखेत मुलाचं तंतुवाद्य धरून एक म्हातारा. बाप वाटला ना? तो घरचा गुलाम आहे, 'पायदागोगोस'. पोराला नेणं-आणणं, रस्त्यात नीट चालायला लावणं आणि वेळ पडली तर काठी उगारणं, हे त्याचं काम.

त्यांच्या मागोमाग निघा. सूर्य वर आला की दार उघडेल. सूर्योदयाआधी मुलांना आत घ्यायचं नाही, सूर्यास्तानंतर थांबवायचं नाही, असा इथला कायदा आहे. आत मुलांच्या मांडीवर मेण लावलेल्या लाकडी पाट्या. टोकदार कांडीनं अक्षर कोरायचं, चुकलं की तिच्या चपट्या टोकानं मेण सारखं करायचं. कोपऱ्यात कुणी होमर घोकतोय. मुलगी एकही दिसत नाही.

म्हाताऱ्याला हळूच विचारा, "स्खोले म्हणतात ती हीच का?" तो हसेल. ही जागा 'दिदास्कालेइओन', शिकवायची. स्खोले म्हणजे सवड, आणि ती मालकाकडे असते.

सवड पाहायची तर तटबंदीबाहेर, पूर्वेला लायसियममध्ये चला. तिथे अ‍ॅरिस्टॉटल पाचेक वर्षांपासून शिकवतोय. माणूस खपतो तो सवड मिळावी म्हणून, असं त्याचं मत. ग्रीकांनी तर कामधंद्यालाच 'आस्खोलिया', म्हणजे सवड नसणं, असं नाव दिलंय. पोटाची चिंता नसलेली ही मंडळी सवडीत वाद घालतात, वाचतात, प्राण्यांचं निरीक्षण करतात. हळूहळू त्या चर्चेलाच स्खोले म्हणू लागतील; मग चर्चा करणाऱ्या मंडळाला, आणि शेवटी जागेला.

आता शतकं भराभर ओलांडा. रोममध्ये शब्दाचा 'स्कोला' होतो. लॅटिनचं बोट धरून तो इंग्लंडात शिरतो आणि पुढे 'स्कूल' बनतो. माशांच्या झुंडीलाही इंग्रजीत स्कूलच म्हणतात, पण तो शब्द डचांकडून आलेला. दोघांचं नातं नाही.

इंग्रजीतल्या 'पेडगॉजी'चं मात्र गल्लीतल्या त्या म्हाताऱ्याशी थेट नातं आहे. स्कूल या शब्दात मालकाची सवड आहे, पेडगॉजीत ती सवड कधीच न मिळालेल्या गुलामाचं काम. शिकायला आधी कष्टातून मोकळीक लागते, हे ग्रीकांना पक्कं ठाऊक होतं. ती सगळ्यांना द्यावी, हे त्यांना सुचलं नाही. आपल्याला सुचलं, कायद्यातही आलं. तरी मूळ अर्थानं पाहिलं, तर आईबापांबरोबर ऊसतोडीच्या फडावर राबायला गेलेल्या मुलाचं नाव हजेरीपटावर असलं म्हणून त्याला शाळा मिळाली, असं म्हणता येत नाही.