समर्थांच्या सहवासात : मिरजेची वेणाबाई आणि गडावरची अक्का

समर्थांच्या सहवासाची गोष्ट निघाली की आपल्या तोंडी पहिलं नाव येतं ते कल्याणस्वामींचं. यायलाच हवं. दासबोधाची लेखणी त्यांच्या हाती होती. पण आज थोडं मिरजेकडे वळू.

सांगलीपासून हाकेच्या अंतरावरची ही मिरज त्या काळी विजापूरच्या आदिलशाहीत होती. तिथं एका घरात एक बालविधवा तुळशीपाशी बसून नाथभागवत वाचीत होती. समर्थ भिक्षेला आले आणि त्यांनी विचारलं, वाचतेस ते समजतं का? परंपरा सांगते, वेणाबाईनं उलट प्रश्न मांडले. एक नाही, दोन नाही, पंचवीस! विधवेनं ग्रंथातलं विचारायचं, तेही परक्या गोसाव्याला! लोक बोलू लागले. घरच्यांनी तिला विष दिलं नि ती वाचली, अशी आख्यायिका आहे. विषाचं काय ते रामाला ठाऊक. लोकनिंदा मात्र सोसावीच लागली असणार, तो काळच तसा होता.

आता हे सगळं कळतं कशावरून? हनुमंतस्वामींची बखर आपण भक्तीनं वाचतो, पण ती समर्थांच्या निर्याणानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली. बीडच्या मठाचे गिरिधरस्वामी तसे नव्हेत. ते लहानपणीच समर्थांच्या सहवासात आले, ही माणसं त्यांनी डोळ्यांनी पाहिली. त्यांच्या 'समर्थप्रताप' ग्रंथात जवळच्या माणसाच्या आठवणी आहेत, म्हणून मला तो अधिक भरवशाचा वाटतो. वेणाबाई उभी राहून कीर्तन करी, ही आठवणही तिथलीच.

उभी राहून! मंडळी, हा शब्द सोडू नका. आज आमच्या भगिनी गळ्यात हार घालून गादीवर उभ्या राहतात, आपण कौतुकानं माना डोलवतो. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका विधवेला भर सभेत उभं करणं म्हणजे समर्थांनी स्वतःच्या संप्रदायाची अब्रू पणाला लावणं होतं. आणि नुसतं उभं करून ते थांबले नाहीत. मिरजेचा मठ त्यांनी तिच्या हाती दिला. 'सीतास्वयंवर' तिनंच रचलं.

१६७६ मध्ये समर्थ सज्जनगडावर राहायला आले. दोन वर्षांनी, शके १६०० च्या चैत्रात, वेणाबाईनं गडावर कीर्तन केलं, समर्थांच्या चरणी मस्तक ठेवलं आणि तिथंच देह ठेवला, असं परंपरा सांगते.

मागे राहिली अक्का. शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला समर्थ गेले, तेव्हा कल्याणस्वामी दूर डोमगावी होते. गडावर अक्का होती, उद्धवस्वामी होते. पुढं १७०० मध्ये औरंगजेबाच्या फौजेनं सज्जनगड घेतला. तेव्हा राममूर्ती घेऊन अक्का वासोट्याला गेली, असं सांगतात. वासोट्याचं रान ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय सांगू! भर दिवसा तिथं पायवाट सुटते. समर्थांच्या पश्चात जवळजवळ चाळीस वर्षं तिनं गडाचा कारभार सांभाळला.

दोघींची वृंदावनं सज्जनगडावर आहेत. पुढच्या दासनवमीला गड चढाल तेव्हा समाधीच्या दर्शनाला रांग मोठी असेल. या दोघींपुढं मात्र गर्दी नसते, निवांत टेकता येतं.