कंबरदुखी, झोप आणि मन : एकाचा त्रास दुसऱ्याला

गावाकडची बरीच माणसं कामासाठी मुंबईत कांजूरमार्ग, भांडुप भागात राहतात. दिवसभर उभं राहणं, ओझं उचलणं, वर लोकलची गर्दी. इकडे शेतात वाकून काम. दोन्हीकडे कंबर, मान, गुडघे धरतात. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट वेदना म्हणतात.

अशा दुखण्यात रात्रभर कूस बदलावी लागते. झोप अपुरी राहिली की वेदना दाबण्याची शरीराची ताकद कमी होते आणि तेवढंच दुखणं जास्त जाणवतं. मग चिडचिड, काळजी, उदासी येते, त्यानं पुन्हा झोप उडते. हे ‘मनाचे खेळ’ नव्हेत, दुखणं खरंच असतं.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम आणि मानसिक उपचारांची शिफारस केली. नेहमीच्या उपचारात कमरेचा पट्टा नको, असंही सांगितलं.

काय करावं?
- अंथरुणाला खिळू नका, झेपेल तेवढं चाला.
- झोपायची-उठायची वेळ ठरवा. संध्याकाळनंतर चहा आणि झोपताना मोबाईल टाळा.
- मेडिकलमधून मनाने गोळ्या घेऊ नका. पोट आणि किडनीला त्रास होऊ शकतो.
- मन खचलं असेल तर ‘टेली-मानस’च्या १४४१६ वर फोन करा. सेवा मोफत आहे, २४ तास चालते, मराठीत बोलता येतं.

पाय लुळा पडणं, लघवीवर ताबा न राहणं, ताप किंवा वजन घटणं दिसलं तर लगेच दवाखाना गाठा.