पाहुणा जेवेपर्यंत



एकादशी पंढरपुरात करायची आणि बारस सोडायला बार्शीला भगवंताच्या दारी यायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. बार्शी हे नावच बारशीवरून, म्हणजे द्वादशीवरून पडलं असं इथली जुनी माणसं सांगतात. हे हेमाडपंती देऊळ १२४५ सालचं म्हणतात. मूर्तीच्या पाठीशी लक्ष्मी आहे, दर्शन घेताना मागूनही बघा. पण देव इथं का उभा राहिला? अंबरीष राजासाठी. आणि अंबरीषाची कथा आपण सगळे अर्धीच सांगतो, म्हणून आज ती पुरी सांगायची आहे.

भागवताच्या नवव्या स्कंधात ही कथा येते. तिथं यमुनाकाठ आहे. आपली स्थळपरंपरा तीच कथा इथं आणते. भक्ताला दोन्ही खरं, त्यावर वाद घालायला आपण बसलेलो नाही. राजानं वर्षभर द्वादशीचं व्रत केलं. शेवटी तीन दिवसांचा उपास. पारण्याची वेळ झाली आणि दुर्वास ऋषी दारात. राजा म्हणाला, जेवायला थांबा. ऋषी म्हणाले, स्नान करून येतो. गेले ते गेलेच! इकडे द्वादशी सरत चालली. पारणं केलं नाही तर व्रत मोडतं, आणि पाहुण्याआधी जेवलं तर धर्म मोडतो. ब्राह्मणांना विचारून राजानं घोटभर पाणी घेतलं. पाणी घेणं म्हणजे जेवल्यासारखंही आहे आणि न जेवल्यासारखंही. ऋषी परतले, कळलं, संतापले. जटेचा केस उपटून आपटला, त्यातून कृत्या निघाली. राजा जागचा हलला नाही. सुदर्शन चक्र आलं, कृत्या जळाली आणि चक्र ऋषींच्या मागं लागलं.

इथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. आता पुढचं ऐका. दुर्वास ब्रह्मदेवाकडं गेले, शंकराकडं गेले, वैकुंठात गेले. देव म्हणाला, मी भक्ताच्या हातातला, त्याच्याकडंच जा. या धावपळीत किती दिवस गेले? एक वर्ष! आणि वर्षभर राजा काय करत होता? नुसत्या पाण्यावर होता. पाहुणा उपाशी गेला, तो परत येऊन जेवल्याशिवाय मी जेवणार नाही. अहो, जो आपल्याला जाळायला निघाला होता, त्याच्यासाठी ताट वाढून वर्षभर बसणं! चक्र थांबवून दिलं, ऋषींना पोटभर जेवू घातलं, मग राजाचं पारणं. चक्र येणं हा देवाचा पराक्रम झाला. मला विचाराल तर भक्ताचा पराक्रम त्या वर्षात आहे, आणि त्या वर्षावर आपण कीर्तनात दोन मिनिटंही देत नाही.

पूर्वरंग इथं आवरतो. उत्तररंगाला आज मी पुराण घेत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीची, आपल्या पंढरपुरात काही काळ घडलेली हकिगत घेतो. एका ख्रिस्ती बाईंची आहे. भगवंताच्या मंडपात ख्रिस्ती बाईंचं आख्यान कशाला, असं कुणाच्या मनात आलं असेल तर थोडं थांबा. वाट पाहण्याचाच विषय आहे, तेवढी वाट माझीही पाहा!

त्या बाई म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. माहेर नाशिकजवळचं जलालपूर, जन्म १८६८ चा. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास लग्न झालं नारायण वामन टिळकांशी. हे कवी टिळक, फुलामुलांचे कवी, लोकमान्य नव्हेत. माणूस बुद्धीचा, पण पाय घरात ठरायचा नाही. आज या गावी, उद्या त्या गावी. हाती पैसा आला तर दुसऱ्याला देऊन मोकळा. बायकोला लिहायवाचायला त्यांनीच शिकवलं, हे मात्र विसरू नका. ते पुढं कामाला येणार आहे.

टिळक एकदा नागपूरकडून राजनांदगावला आगगाडीनं चालले होते. डब्यातल्या एका गोऱ्या प्रवाशाशी बोलणं झालं. त्यानं उतरताना बायबलचं पुस्तक हातात दिलं. टिळक वाचत गेले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला बरोबर घेऊन नाही. ती नात्यातल्या माणसांत, पदरात लहानगा दत्तू.

त्या काळात हे काय होतं याची कल्पना करा. घरातला माणूस बाटला म्हणजे गेल्यातच जमा. बाई विधवा नाही, कपाळाला कुंकू आहे, पण सवाष्ण म्हणून कोण बोलावणार? नवरा जिवंत आहे, पत्रं येतात, पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही. बहिणीच्या कुटुंबानं त्यांना आधार दिला आणि या वर्षांतला काही काळ त्या पंढरपुरात राहिल्या. तेव्हा पंढरीला रेल्वे नव्हती. वारकरी मोठ्या गाडीनं बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला उतरायचे आणि पुढं चालत नाहीतर बैलगाडीनं. आपली बार्शी लाइट बार्शीला आली १८९७ मध्ये आणि पंढरपूरला पोचली १९०६ मध्ये. म्हणजे ज्या वाटेनं तुमचे पणजोबा धुळीतून चालत विठ्ठलाकडं जात होते, त्याच गावात ही बाई नवऱ्याच्या पत्राकडं डोळे लावून होती. बाहेरही बरे दिवस नव्हते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, त्याच सुमारास दख्खनेत दुष्काळ पडला, आणि १८९९ मध्ये पुन्हा पडला.

आता टिळकांच्या बाजूनं पाहा. १८६६ चा एक कायदा होता. धर्म बदललेल्या माणसाचा जोडीदार नांदायला येत नसेल तर कोर्टात जाऊन लग्न मोडून घेता यायचं. आणि गंमत बघा, तो कायदासुद्धा वर्षभर थांबायला सांगायचा! एक वर्ष झाल्यावर कोर्ट मोकळं करून द्यायचं. टिळकांना ती वाट उघडी होती. ते तिकडं गेले नाहीत. पत्रं लिहीत राहिले, कविता पाठवत राहिले. बायकोनं यावं असं मनापासून वाटत होतं, पण तिनं आपल्या मनानं यावं, ओढून आणायचं नाही. आणि लक्ष्मीबाईंनीही त्यांचं नाव टाकलं नाही. चार वर्षांहून जास्त काळ हे चाललं. दोघांच्या दोन प्रार्थना होत्या आणि त्या एकमेकींच्या उलट होत्या. ही म्हणते, देवा, त्यांना परत आण. तो म्हणतो, देवा, तिला इकडं आण. आता देवानं ऐकायचं कुणाचं? आपल्यापैकी कितीतरी घरांत असंच असतं. एकाच देवघरात नवरा एक मागतो, बायको दुसरं.

शेवटी त्या अहमदनगरला नवऱ्याकडं आल्या. पण आल्या म्हणजे ख्रिस्ती झाल्या असं नाही. सोवळं सुटलं नाही. पाणी वेगळं, चूल वेगळी. एका घरात दोन धर्म. टिळकांनी तेही चालवून घेतलं. ज्या माणसानं जात सोडली, त्यानं बायकोचं सोवळं सांभाळायची सोय करून दिली! मला या सगळ्या हकिगतीत हे सर्वांत मोठं वाटतं. बाप्तिस्मा घ्यायला धैर्य लागलंच असेल, पण दुसऱ्याच्या वेगळ्या चुलीशेजारी रोज शांतपणे राहायला अधिक लागतं.

मग एका प्रवासात बाईंच्या मनात विचार आला, तो त्यांनीच लिहून ठेवला आहे. ही जात देवानं केली की माणसानं? देवानं केली असती तर जनावरांत दिसतो तसा माणसामाणसांत फरक दिसला असता. तो तर दिसत नाही. कुणी वाद घातला नव्हता, कुणी पुस्तक पुढं केलं नव्हतं. त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं खायचं असं त्यांनी ठरवलं. पुढं १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दुष्काळातल्या पोरक्या मुलांना त्यांच्या घरानं पोटाशी धरलं, प्लेगच्या रोग्यांची सेवा बाईंनी केली.

मंडळी, मी दृष्टांत एकाच अंगानं घेतो. अंबरीष कोण आणि दुर्वास कोण, हे जुळवत बसू नका. बाईंनी धर्म बदलला हे ऐकून कुणाला खटकलं असेल, तर खटकू द्या. मी ते झाकून सांगितलं नाही. मला दाखवायचं आहे ते एवढंच की त्या बाईंनी देवाकडं मागितलं एक आणि मिळालं दुसरं. नवरा परत हवा होता, नवरा मिळाला, पण जुनं घर मिळालं नाही. देवावर भरवसा ठेवला की मागितलेलंच हातात येतं, असं जे बुवा सांगतात त्यांचं मला पटत नाही. अंबरीषानं तरी काय मागितलं होतं? वेळेवर पारणं. ते वर्षानं झालं.

ख्रिस्ती मंडळींच्या शुभवर्तमानात, लूकच्या पंधराव्या अध्यायात, येशूनं सांगितलेली एक गोष्ट आहे. धाकटा मुलगा वाटणी घेऊन परदेशी गेला, सगळं उधळलं, डुकरं राखायची पाळी आली. मग घराकडं निघाला. तो दूर असतानाच बापाला दिसला. का दिसला? बापाचं लक्ष वाटेकडंच असणार, असं मी म्हणतो. बाप धावत गेला, गळ्यात पडला, मेजवानी घातली. आणि थोरला मुलगा रागावून अंगणातच उभा राहिला. बाप जेवण सोडून त्याला समजवायला बाहेर आला. पुढं? पुढं काही लिहिलेलंच नाही. थोरला आत आला की नाही, जेवला की नाही, येशूनं सांगितलं नाही. बाप अजून अंगणातच आहे म्हणा ना! टिळकांना ही गोष्ट ठाऊक होती, आणि तुकोबाही ठाऊक होते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो असं ते म्हणत, आणि ख्रिस्ती उपासनेत आपलं हे कीर्तन त्यांनी रुजवलं. हा टाळ, ही वीणा, हा उभा राहून सांगण्याचा ढंग त्या देवळांतही पोचला.

टिळक ९ मे १९१९ रोजी गेले. येशूचं चरित्र ओवीत सांगायचं म्हणून ‘ख्रिस्तायन’ हाती घेतलं होतं, ते सुरुवातीच्या अध्यायांवरच राहिलं. आता पन्नाशीच्या बाई, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. ज्यानं सोडून जाण्याआधी अक्षरं गिरवायला शिकवली, त्याचं अर्धं पान समोर. त्या लिहायला बसल्या आणि वर्षं घालवून त्यांनी ६४ अध्याय लिहिले. मधल्या काळात स्वतःच्या आठवणीही सांगितल्या, त्या ‘स्मृतिचित्रे’ नावानं १९३४ पासून छापून आल्या. मिळालं तर जरूर वाचा, वाचताना हसू आवरणार नाही, कारण बाईंनी रडगाणं असं कुठं गायलंच नाही. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या गेल्या, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अजून पुस्तक होऊन बाहेर यायचं होतं.